वर्तणूक : चांगली

शाळा सोडल्याचा दाखला हा आपल्याकडे फार जपून ठेवला जाणारा कागद आहे. जात, जन्मतारीख, जन्मस्थळ, सगळ्यासाठी तो लागतो, म्हणून लॅमिनेशन करून कपाटाच्या तळाशी ठेवलेला असतो. त्यावर 'अभ्यासातील प्रगती' आणि 'वर्तणूक' असे दोन रकाने असतात आणि ते कुणीच वाचत नाही. वाचायचं कारणही नाही, कारण दोन्हींपुढे 'चांगली' असंच लिहिलेलं असतं. पुढे जो मंत्री झाला त्याची वर्तणूक चांगली, त्याच्यावर आरोपपत्र दाखल करणाऱ्या फौजदाराची चांगली, आणि ज्या ठेकेदारामुळे दोघांची गाठ पडली त्याचीही चांगलीच. मूल दहा वर्षं रोज पाच-सहा तास शाळेसमोर होतं. एवढ्या काळात त्याच्या स्वभावाविषयी शाळेला सांगता आलं ते एवढं.

बरं, शाळेला या गोष्टीची पर्वा नाही असंही म्हणता येत नाही. उलट संस्कार, शिस्त, चारित्र्य, नेतृत्व यांवर आपल्या शाळा जितकं बोलतात तितकं गणितावरही बोलत नसतील. सकाळचा परिपाठच घ्या. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा, शेवटी मौन किंवा पसायदान. महाराष्ट्रातल्या प्राथमिक शिक्षकाला मूल्यशिक्षणाची दहा मूल्यं झोपेतही म्हणता येतील, वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणापासून वैज्ञानिक दृष्टिकोन आणि संवेदनशीलतेपर्यंत. मुलांनाही ती पाठ असतात, कारण ती शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहिलेली असतात. वैज्ञानिक दृष्टिकोनाच्या शेजारीच परीक्षेच्या आदल्या दिवशी नारळ फुटतो, आणि त्यात कुणाला काही खटकत नाही.

2010 मध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यामागचा हेतू चांगला होता. परीक्षेचा धाक कमी करायचा, मूल कसं वाढतंय ते बघायचं आणि ते शब्दांत लिहायचं. म्हणून प्रत्येक मुलाच्या 'वर्णनात्मक नोंदी' आल्या : विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. पहिलं वर्ष शिक्षकांनी डोकं खाजवत लिहिलं. मग तयार नोंदींच्या पुस्तिका निघाल्या, नंतर पीडीएफ फिरू लागल्या. 'इतरांना मदत करतो', 'नेतृत्व करतो', 'आपले मत ठामपणे मांडते'. पट चाळीस-पन्नासचा आणि नोंदी विषयवार. त्या शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. पण परिणाम काय झाला? दाखल्यावर एक शब्द होता, तिथे प्रगतिपुस्तकावर सात-आठ वाक्यं आली. मुलाविषयीची माहिती मात्र तेवढीच राहिली.

नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात समग्र प्रगतिपत्रक आहे. त्यात मूल स्वतःचं मूल्यमापन करणार आणि सोबत्यांचंही. त्याच्याही पीडीएफ निघतील अशी मला भीती वाटते. चारित्र्याची नोंद ठेवण्याचे आपले मार्ग वाढत चालले आहेत आणि ते घडण्याच्या जागा कमी होत चालल्या आहेत. मुलांच्या हातात खरं काम, त्या कामातला खरा निर्णय आणि तो निर्णय चुकण्याची खरी मुभा आल्याशिवाय शाळेने चारित्र्य आणि नेतृत्व या शब्दांना हात लावू नये, असं माझं म्हणणं आहे. आणि मोठ्या माणसांनाही तेच नियम लागू असले पाहिजेत, ही त्याची दुसरी बाजू.

आपल्याकडे नेतृत्वाचा पहिला धडा म्हणजे मॉनिटर. बाई ऑफिसात जातात, जाताना हुशार आणि अंगाने थोड्या थोराड अशा एका मुलाला उभं करतात : बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिही. मग फळ्याच्या कोपऱ्यात यादी सुरू होते. पुन्हा बोललं की नावापुढे फुली, तिसऱ्यांदा बोललं की दुसरी फुली. यादी करणाऱ्याच्या खास मित्राचं नाव त्यात नसतं. ज्याच्याशी भांडण आहे त्याचं असतं, मग तो गप्प बसलेला असला तरी. मधल्या सुट्टीत चिंचेची गोळी दिली की फुली पुसली जाते. बाई परत येतात, यादीप्रमाणे छड्या किंवा उठाबशा देतात. (शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेला बंदी आहे, पण फळ्याचा तो कोपरा बऱ्याच शाळांत अजून जिवंत आहे.) चाळीस मुलं यातून काय शिकतात? सत्ता म्हणजे वरच्याने दिलेली वस्तू. तिचं काम खालच्यांवर नजर ठेवणं. ती वाकवता येते आणि तिची किंमत चिंचेच्या गोळीइतकी असते. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात पंचायत राज येण्याच्या किती तरी आधी हा धडा पक्का झालेला असतो.

शालेय मंत्रिमंडळ हा त्यापुढचा प्रकार. जिल्हा परिषदेच्या शाळांत मतपेटी करतात, बोटाला शाई लावतात, मुख्यमंत्री निवडून येतो, शपथविधी होतो, फोटो ग्रुपवर जातो. मतदान कसं होतं ते मुलांना कळतं, एवढा त्याचा उपयोग मी मान्य करतो. पण आरोग्यमंत्र्याला संडासाच्या कडीसाठी पन्नास रुपये खर्च करता येतात का? पोषण आहारातली डाळ पातळ आहे असं अन्नमंत्री मुख्याध्यापकांना म्हणू शकतो का? इंग्रजी शाळांत याचीच महागडी आवृत्ती असते : हेड बॉय, हेड गर्ल, लाल-निळी-पिवळी-हिरवी हाउसं, छातीवर सॅश, मार्चपास्ट. बॅज पितळी असतो, अधिकार दोन्हीकडे सारखाच नसतो.

उपदेशाने वागणूक बदलते का, हा प्रश्न जुना आहे आणि त्यावर एक मोठं कामही जुनं आहे. अमेरिकेत ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी 1920 च्या दशकात हजारो शाळकरी मुलांच्या प्रामाणिकपणाची परीक्षा घेतली. त्यांची एक युक्ती फार साधी होती. मुलांच्या उत्तरपत्रिका गोळा करायच्या, गुपचूप त्यांची नक्कल ठेवायची, मग मूळ पत्रिका उत्तरसूचीसह मुलांना परत देऊन सांगायचं की आपापल्या तपासा. नंतर दोन्ही जुळवल्या की कुणी मागाहून उत्तर बदललं ते कळतं. त्यांना प्रामाणिक मुलं आणि लबाड मुलं असे दोन गट सापडलेच नाहीत. गणितात फसवणारा मुलगा खेळात फसवत नव्हता, शाळेत सरळ वागणारी मुलगी घरी वेगळी वागत होती. चांगलं काय हे मुलाला किती माहीत आहे, यावरून ते कसं वागेल याचा अंदाज फारसा बांधता येत नव्हता. प्रसंग कसा आहे आणि भोवतालचा वर्ग कसा वागतो, याला वजन होतं. आज त्यांच्या पद्धतीत दोष काढता येतील, काढलेही गेले. तरी परिपाठावर भिस्त ठेवणाऱ्याने हे काम एकदा तरी डोळ्यांखालून घालावं.

आणि भोवतालचा वर्ग म्हटलं की आपल्याला दहावी-बारावीच्या कॉपीवर यावंच लागतं. परीक्षा केंद्राच्या गजांना लोंबकळून चिठ्ठ्या पोचवणारे काका-मामा वर्तमानपत्रात दर मार्चला दिसतात. त्यांच्यावर हसणं सोपं आहे. पण शंभर टक्के निकालाचा फलक शाळेच्या दारावर लावणारी संस्था असते, निकाल घसरला म्हणून खुलासा मागणारे वरिष्ठ असतात, आणि 'आपल्याच पोरांचं नुकसान कशाला' म्हणून वर्गाबाहेर जाऊन उभे राहणारे पर्यवेक्षकही असतात. अशा केंद्रावर पेपर लिहिणाऱ्या मुलाला प्रामाणिकपणा कुणी शिकवायचा? त्याने दहा वर्षांत ऐकलेल्या सगळ्या बोधकथा त्या तीन तासांत रद्द होतात. त्यावर आपला उपाय काय, तर भरारी पथक आणि सीसीटीव्ही. कॉपी थांबते आणि थांबलीही पाहिजे. पण पथक नसताना काय होईल हा प्रश्न तसाच उरतो. पकडले जाण्याची भीती आणि चारित्र्य यांची गल्लत करून चालणार नाही.

मग खरं काम म्हणजे काय? यासाठी लांब जायला नको, साताऱ्यापर्यंत गेलं तरी पुरे. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 1924 मध्ये ती साताऱ्याला आणली. तिथल्या वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी मुलं एका छपराखाली राहत, एका पंगतीत जेवत आणि पाळीपाळीने स्वयंपाक करत. शंभर वर्षांपूर्वी, पाणवठे वेगळे असण्याच्या काळात, हे चाललं होतं. 1927 मध्ये गांधीजी तिथे आले आणि वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. पैसे नसायचे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मुलांच्या धान्यासाठी मोडलं, ही गोष्ट महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. त्या त्यागाची गोष्ट आपण भाषणात सांगतो, आणि सांगता सांगता त्या घराची रचना मात्र विसरतो.

ती रचना बघण्यासारखी आहे. समता हा तिथे पाठाचा विषय नव्हता. भाकरी कुणी थापली हे सगळ्यांना दिसत होतं आणि भूक लागलेली होती. ज्याची स्वयंपाकाची पाळी त्याने कुचराई केली तर शिक्षा करायला रेक्टर लागत नाही, चाळीस उपाशी पोरं पुरेशी असतात. शेतात राबल्याशिवाय फी भरता येत नाही म्हटल्यावर श्रमप्रतिष्ठेचा सुविचार फळ्यावर लिहावा लागत नाही. 'कमवा आणि शिका' ही योजना आज अनेक महाविद्यालयांत आहे आणि गरीब मुलांना तिचा आधारही आहे. पण ऑफिसात फायली लावून तासाचे पैसे घेणं आणि आपण राहतो ते घर आपणच चालवणं यांत फरक आहे. पहिल्यात मजुरी मिळते, दुसऱ्यात घर कसं चालतं ते कळतं.

साने गुरुजींचा मार्ग याहून वेगळा होता. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात ते मुलांच्या खोल्या झाडत, पसरलेली अंथरुणं नीट करून ठेवत, मुलांसाठी हाताने लिहिलेलं दैनिक काढत. मुलं ओशाळत आणि दुसऱ्या दिवशी स्वतः झाडू घेत. हा मार्ग थोर आहे, पण त्यावर शाळा उभारता येत नाही, कारण त्याला प्रत्येक वेळी एक साने गुरुजी लागतात. 1930 साली ते सत्याग्रहात गेले. मोठ्या माणसाच्या ओढीने चांगलं वागणारी मुलं तो माणूस उठून गेल्यावर कशी वागतात, ही या मार्गातली अडचण. भाऊरावांची घडी भाऊराव गावाला गेले तरी चालू राही, कारण संध्याकाळची भाकरी तरीही करावीच लागे.

'शाळेत काम' म्हटलं की पालक बिथरतात, आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही. पोरगं शिकायला पाठवलंय, झाडू मारायला नाही. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याचं अंगण झाडलं गेलं त्यांनी हे म्हणणं तर फारच साहजिक आहे. आजही कुठल्याही शाळेत स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी जाऊन बघा : मुली सडा-रांगोळी आणि झाडलोट करताना दिसतील, मुलगे बाकं उचलताना आणि पताका लावताना. शिक्षकांचा चहा आणायला तोच एक मुलगा जातो, आणि तो कुणाचा हे गावाला विचारावं लागत नाही. याला श्रमसंस्कार म्हणणं लबाडी आहे. काम कुणी करायचं हे वरून ठरतं, ते जात आणि बाईपण बघून ठरतं, आणि त्यावर बोलायची सोय नसते, तेव्हा मूल त्यातून फक्त आपली पायरी शिकतं. म्हणून कामाबरोबर निर्णय आलाच पाहिजे. पाळ्या कुणी लावायच्या? मुलांनी. मुख्याध्यापकांची पाळी येते का? आली पाहिजे.

इथे नेहमीचा आक्षेप येतो : मुलं काय ठरवणार? त्यांच्या हाती न्याय दिला तर ती एकमेकांना फाडून खातील. हा आक्षेप मला खरा वाटतो. मुलं मोठ्यांपेक्षा कठोर शिक्षा सुचवतात, दहा शिक्षकांना विचारा, नऊ जण हेच सांगतील. बहुमताच्या जोरावर एकट्या पडलेल्या मुलाला पिळायला त्यांना वेळ लागत नाही. पण या आक्षेपाला एका माणसाने फार नेटकं उत्तर दिलं होतं.

यानुश कोर्चाक हे वॉर्सातले बालरोगतज्ज्ञ आणि लेखक. 1912 पासून ते तिथल्या ज्यू मुलांचं अनाथालय चालवत होते. तिथे मुलांचं न्यायालय होतं. कुणीही कुणावरही फिर्याद लावायची, पंच मुलांतूनच, चिठ्ठ्या टाकून, आणि ज्याच्यावर त्या आठवड्यात फिर्याद आहे तो पंच होऊ शकत नाही. या न्यायालयाची संहिता कोर्चाकांनी स्वतः लिहिली आणि सगळी मेख तिच्यात आहे. पहिली नव्व्याण्णव कलमं सोडून देण्याची किंवा माफ करण्याची : फिर्याद मागे घेतली, त्याला माहीत नव्हतं, तो पुन्हा करणार नाही, घाईत झालं, त्याला आधीच पश्चात्ताप झाला आहे. शंभराव्या कलमात पहिल्यांदा न्यायालय माफी नाकारतं, तेही फक्त दोष नोंदवण्यापुरतं. पुढे पायरीपायरीने कडक होत हजाराव्या कलमात अनाथालयातून काढून टाकणं येतं. म्हणजे मुलांना अधिकार दिला, पण त्या अधिकाराचं वळण दयेकडे राहील अशी बांधणी आधी केली. रागावलेल्या दहा वर्षांच्या पंचाला माफीची नव्व्याण्णव कारणं वाचून, ती का लागू होत नाहीत हे सांगून, मगच शिक्षेपर्यंत पोचावं लागे. शिकणं म्हणजे आणखी काय असतं?

आणि फिर्याद मोठ्यांवरही लावता येई. कोर्चाकांनी लिहून ठेवलंय की सहा महिन्यांत ते स्वतः पाच वेळा या न्यायालयापुढे उभे राहिले. एका मुलाच्या कानाखाली मारली म्हणून, एकाला झोपायच्या खोलीतून बाहेर काढलं म्हणून, एकाला कोपऱ्यात उभं केलं म्हणून, एका पंचाचा अपमान केला म्हणून, आणि एका मुलीवर चोरीचा संशय घेतला म्हणून. आपल्या एखाद्या मुख्याध्यापकांच्या नावावर यातल्या किती फिर्यादी निघतील याचा हिशेब ज्याने त्याने करावा. जुलै 1942 मध्ये, नाझींनी केलेल्या वॉर्साच्या ज्यू कोंडवाड्यात, या मुलांनी रवींद्रनाथांचं 'डाकघर' केलं. पुढच्याच महिन्यात सुमारे दोनशे मुलांबरोबर कोर्चाकांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेण्यात आलं. त्यांना सुटकेच्या संधी होत्या, त्यांनी त्या घेतल्या नाहीत. लोक त्यांना या मरणासाठी ओळखतात. शाळा चालवणाऱ्यांनी त्यांना त्या पाच फिर्यादींसाठी ओळखावं.

आपल्या शाळांत हे होणार कसं, असं विचाराल तर अडचण मुलांच्या वयाची नाही. शिक्षकालाच अधिकार नाही, तो मुलांना कुठून देणार? सकाळी पोषण आहाराची माहिती ऑनलाइन भरायची, दुपारी कुठल्या तरी दिनाचा फोटो पाठवायचा, संध्याकाळी केंद्रप्रमुखांनी मागितलेला तक्ता पाठवायचा. वृक्षारोपण केलं याचा पुरावा झाड नसतो, फोटो असतो. स्टाफ मीटिंगमध्ये मुख्याध्यापक बोलतात आणि बाकीचे सह्या करतात. खाजगी संस्थांत संस्थाचालक बोलतात आणि मुख्याध्यापक सह्या करतात. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं सांगितलं. बऱ्याच गावांत त्या समितीचं इतिवृत्त एकाच हस्ताक्षरात, एकाच बैठकीत, वर्षभराचं लिहिलं जातं. हे सगळं मुलं बघत असतात. त्यांच्यासाठी नेतृत्वाचा नमुना हाच.

तरीही फटी आहेत. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी 1985 मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, फलटणला मॅक्सीन बर्नसन यांची कमला निंबकर बालभवन ही शाळा आहे. पण दर वेळी नामवंत प्रयोगशाळांची नावं घेतली की बाकीचे शिक्षक 'त्यांचं वेगळं आहे' म्हणून सुटतात. म्हणून मी अगदी सामान्य शाळेतली, कुणाचीही परवानगी न लागणारी एकच गोष्ट सुचवतो : पुस्तकांच्या कपाटाची किल्ली.

जवळपास प्रत्येक शाळेत असं कपाट असतं. शासनाने, एखाद्या संस्थेने, माजी विद्यार्थ्यांनी दिलेली पुस्तकं त्यात असतात आणि ते बंद असतं. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं : हरवली तर? पुस्तकं डेड स्टॉक रजिस्टरला चढलेली, ऑडिटला मोजून द्यावी लागतात, कमी भरली तर पगारातून. म्हणून वर्षाअखेर ती कोरी करकरीत, वासासकट, तशीच सापडतात. ही किल्ली सहावी-सातवीच्या मुलांच्या एका गटाकडे द्यावी, गट दर महिन्याला बदलावा. नोंदवही त्यांनी आखायची. किती दिवस न्यायचं, फाटलं तर काय, पहिलीच्या पोराला चित्रांचं पुस्तक घरी द्यायचं की नाही, हे त्यांनी बसून ठरवायचं आणि ठरलेलं लिहायचं. शुद्धलेखन, कोष्टक, टक्केवारी सगळं त्यातच होतं. मग एक दिवस पुस्तक हरवेल. नेणारा म्हणेल परत केलं, वही म्हणेल नाही, वही लिहिणारा त्याचा चुलतभाऊ निघेल. आता त्या मुलांपुढे खरा प्रश्न उभा राहतो आणि शिक्षकाने त्यात लगेच उडी न घेणं हे त्या आठवड्यातलं त्याचं सगळ्यात अवघड काम. बाईंनीही पुस्तक दोन महिने घरी ठेवलं असेल तर त्यांचं नाव यादीत येईल. यावं.

राहिला ऑडिटचा प्रश्न. केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत सरकारी ग्रंथालयांसाठी एक तरतूद आहे : वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच हरवली, तर ते नुकसान वाजवी समजावं, फक्त त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. म्हणजे दिल्लीच्या कारकुनालाही कळलंय की पुस्तक वापरलं तर ते कधी तरी हरवणारच. असा दोन ओळींचा आदेश राज्याने शाळांसाठी काढावा, प्राथमिक शाळांसाठी हजारी पाचाऐवजी वीस-पंचवीस केले तरी तिजोरी बुडणार नाही. आणि आदेश निघेपर्यंत मुख्याध्यापकांनी हरवलेल्या पुस्तकाचे साठ-सत्तर रुपये सादिल खर्चातून नाहीतर शिक्षकांच्या वर्गणीतून भरून टाकावेत, पण किल्ली परत मागू नये.